पाठमोरी गावकी

अनिता घरतने ऑनलाइन समुपदेशन करायचं ठरवलं ते निव्वळ आपल्या कंबरेच्या भल्यासाठी. शिक्षणाच्या भवितव्याचा वगैरे त्यात काही संबंध नव्हता. पेणच्या रामवाडीतून निघायचं, हायवेला उभं राहून मिळेल ती एसटी पकडायची, खांब गावाला उतरायचं आणि तिथून आत, रोह्याच्या अंगाला असलेल्या करंजखोलच्या शाळेपर्यंत रिक्षात गचके खात जायचं, हा तिचा ठरलेला कार्यक्रम. ती नोकरी करत होती त्या संस्थेचं म्हणणं, मुलांच्या मनावरचा ताण हलका करा. डॉक्टरांचं म्हणणं, आधी स्वतःच्या मणक्यावरचा हलका करा. त्यातच संस्थेने ‘आभासी माध्यमातून विद्यार्थी वर्तन साहाय्य’ नावाची योजना काढली आणि अनिताला दोन्ही ताण एका फटक्यात उतरल्यासारखे वाटले. तिने घरी जाहीर केलं, की यापुढे मी घरी बसून काम करणार. सासूबाई सीताबाईंनी त्यातलं ‘घरी बसून’ एवढंच ऐकलं आणि भिजवलेल्या वालांचं पातेलं तिच्यापुढे सोलायला आणून ठेवलं.

अनिता मोठी चिवट बाई, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तिची जी काही शोभा झाली त्यात ते झाकलं जाण्याची भीती आहे. माहेर हमरापूरचं, भावाचा गणपतींचा कारखाना. लहानपणी मूर्तींना रंग देता देता ती शिकली, पुण्याला जाऊन मानसशास्त्राची पदवी घेऊन आली आणि येताना पुण्याची भाषाही घेऊन आली. घरात सासू-सून आगरी बोलत. पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की अनिताची भाषा कडक इस्त्रीची. तिच्या तोंडून एकदा तरी गावाकडचा शब्द निसटलेला ऐकला असं सांगणारा माणूस पेण तालुक्यात सापडला नसता. समुपदेशकाच्या बोलण्याला वजन हवं, असं तिचं मत होतं.

नव्या योजनेतली तिची पहिली विद्यार्थिनी म्हणजे नववीतली ऋतुजा. मुलगी खाडीकाठच्या गावातली, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. वडिलांना रोह्याकडे कंपनीत काम लागलं म्हणून सगळं घर करंजखोलला भाड्याच्या खोलीत राहायला आलेलं. पोरगी शाळेत तोंडातून शब्द काढत नव्हती. विचारलं तरी नाही, ओरडलं तरी नाही. पुढच्या बाकावरच्या मुलाच्या दप्तरात तिने पाण्याची बाटली ओतली, कारण सांगितलं नाही. आणि एक दिवस तर मराठीचा तास चालू असताना ती उठली, बाहेर गेली, वर्गाला बाहेरून कडी घातली आणि पायरीवर बसून राहिली. आत अख्खी नववी आणि तास घेणारे मुख्याध्यापक गुणाजी कदम सर. शिपाई बँकेत गेलेला. शेवटी सर खिडकीतून बाहेर आले. सरांचा घेर आणि खिडकीची रुंदी यांचा मेळ बसायला जो वेळ लागला तेवढ्यात रस्त्यावर बऱ्यापैकी गाव जमलं होतं.

शाळेत याला ‘कडीप्रकरण’ म्हणत. कदम सरांनी मनाला लावून घेतलं. शनिवारी शाळा समितीची बैठक होती आणि त्यात ऋतुजाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा असं त्यांनी जवळजवळ नक्की केलं होतं. “मॅडम, माझा राग नाय तिच्यावर,” ते फोनवर रागाने म्हणाले. “पण शिस्त म्हणून काय हाय का नाय?” जवळपास दुसरी शाळा नव्हती. दाखला हातात पडला म्हणजे पोरगी घरी बसणार आणि घरी बसलेल्या पोरीचं पुढे काय होतं ते अनिताला चांगलं ठाऊक होतं. तिच्या बरोबरच्या किती जणी तशाच बसल्या होत्या. तिने सरांना शब्द दिला, की शनिवारपर्यंत मी या मुलीला बोलती करते. शब्द तिने अगदी शुद्ध मराठीत दिला.

पहिलं सत्र मंगळवारी झालं. झालं म्हणजे फोन लागला. पडद्यावर ऋतुजाचं अर्धं कपाळ आणि मागे कदम सर असं दृश्य होतं. फोन सरांचा असल्यामुळे तो एकटा सोडून जायला ते तयार नव्हते.

“ऋतुजा, आत्ता या क्षणी तुला नेमकं कसं वाटतंय?” अनिताने मऊ आवाजात विचारलं.

“बरं वाटतंय तिला,” सर म्हणाले.

“सर, तिला बोलू द्या. ऋतुजा, तुझ्या मनातल्या भावनेला एखादा रंग द्यायचा झाला, तर तो कोणता असेल?”

ऋतुजाने फोनकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. सरांनी थोडा विचार करून “पिवळा” असं सांगितलं आणि तेवढ्यात रेंज गेली. जाताना ती अनिताचा चेहरा तोंड उघडं, एक डोळा मिटलेला अशा स्थितीत पडद्यावर गोठवून गेली. फोन बंद केला तर पुन्हा लागेल न लागेल, या भीतीने सरांनी तो तसाच टेबलावर ठेवला. मधल्या सुट्टीत पोरं एकेक करून ते दर्शन घेऊन गेली. संध्याकाळी एका शिक्षिकेने “मॅडम, बऱ्या आहात ना?” असा निरोप पाठवला तेव्हा अनिताला हे कळलं. तिने आरशासमोर उभं राहून तसं तोंड करून पाहिलं आणि जेवण न करता झोपली.

आता हे सगळं शेजारच्या मोरूकाकांच्या कानावर जाणारच. मोरूकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. जगातली कोणतीही अडचण अर्थिंग नीट नसल्यामुळे येते, अशी त्यांची श्रद्धा. त्यांच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी घरातलं वायरिंग तपासून घेतलं होतं. ते पक्कड घेऊनच आले. मोबाइलला वायर नसते, असं अनिताने सांगितल्यावर ते तिच्याकडे कीव आल्यासारखे पाहत राहिले. मग त्यांनी सीताबाईंकडून पितळेचं पातेलं मागून घेतलं, त्यात फोन उभा केला आणि रेंज पितळेला धरते असं सांगितलं. रेंज धरली की नाही कोण जाणे, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी, मागे पडदा लाव, गंभीर दिसशील, असं सुचवलं. वरच्यांनी पडदा काढ, प्रसन्न दिसशील, असं. हायवेच्या हॉर्नवर मात्र कोणाकडेच उपाय नव्हता. शेवटी अनिता गुरुवारी उठून हमरापूरला भावाच्या कारखान्यात गेली. तिथे माळ्यावर शांतता होती. मूर्ती सुकायला ठेवलेल्या होत्या आणि मूर्ती बोलत नाहीत.

इकडे करंजखोलमध्ये कदम सरही स्वस्थ बसले नव्हते. शाळेत रेंज येत नाही म्हणून ते फोन हातात धरून गावभर हिंडले आणि सहाणेजवळ, म्हणजे देवाची पालखी टेकवायच्या ओट्यापाशी, त्यांना चांगली रेंज सापडली. आवाज बारीक येतो म्हणून त्यांनी भजनी मंडळाचा स्पीकर जोडून घेतला. हे त्यांनी अनिताच्या प्रेमापोटी केलं, त्यात वाईट हेतू नव्हता.

फोन लागला आणि अनिताने पाहिलं तर ऋतुजाच्या मागे माणसंच माणसं. पुढे पुरुष, कडेला बाया, पायरीवर पोरं. आणि मधोमध खुर्चीवर हैबतराव, गावकीचे अध्यक्ष. बायांनी हात जोडले. अनिता क्षणभर गहिवरली. मग तिला कळलं, की ते हात तिच्यामागे मांडलेल्या गणपतींना होते.

“सर, हे काय? हे सत्र गुप्त असतं,” ती म्हणाली. ‘गुप्त’ हा शब्द स्पीकरमधून निघून समोरच्या डोंगरावर आपटून परत आला.

“गुप्तच हाय ना,” उत्तर हैबतरावांनी दिलं. “बाहेरचं कोण नाय, मॅडम. सगळा गावच हाय.”

यात ते थट्टा करत नव्हते. करंजखोलात कोणाच्याही पोराची तक्रार आली, की ती गावकीपुढे यायची, अशी जुनी रीत. गावकीपुढे झालेलं बोलणं गावाबाहेर जात नाही. यापेक्षा गुप्त ते काय असणार? घरात कोंडून पोरीला एकटीला विचारायचं, ही त्यांच्या लेखी पोलिसांची पद्धत होती. अनिताने त्यांना गुप्ततेचं तत्त्व समजावून सांगितलं. गावाने ते शांतपणे ऐकून घेतलं. बोलून झाल्यावर हैबतराव जरा पुढे झुकले आणि म्हणाले, “तुमची ती डावीकडची मूर्ती, लोडावर बसलेली, ती कोणाची झाली का अजून शिल्लक हाय?” मग दुसऱ्याला उंदीर जवळून बघायचा होता. तिसऱ्याला शाडूचे आहेत का ते विचारायचं होतं. खालून भाऊ ओरडून उत्तरं देऊ लागला. सत्र संपलं तेव्हा ऋतुजाचा एकही शब्द मिळालेला नव्हता आणि भावाकडे करंजखोलचे सात गणपती ठरले होते. भाऊ म्हणाला, “ताय, तुजा धंदा चांगला हाय.” अनिता रिक्षाभर त्याच्याशी मनातल्या मनात भांडत घरी आली.

दुसरं कोणी असतं तर हात टेकले असते. खरं सांगायचं तर तिच्या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी तोच सल्ला दिला. काही मुलं बोलत नाहीत, तू प्रयत्न केलास, सोड आता. अनिताने शुक्रवारी कदम सरांना फोन लावला आणि खमक्या आवाजात सांगितलं, की उद्या सकाळी शेवटचं सत्र, आणि उद्या त्या मुलीकडे कोणीही बघता कामा नये. कोणी म्हणजे कोणी नाही. तुमच्या बैठकीआधी मला तिच्याशी बोलायचंच आहे. सर म्हणाले, “मॅडम, तुमी काळजी करू नका. मी बघतो.” ते शब्दाला जागणारे गृहस्थ होते, ही खरी अडचण.

शनिवारी कारखान्यात रंगाचा कॉम्प्रेसर चालू होता, म्हणून अनिता घरीच बसली. सीताबाई बाजारात गेलेल्या. फोन लागला. ऋतुजा ओट्यावर बसलेली, आणि तिच्यामागे पुन्हा तोच सगळा गाव. पण आज सगळे पाठ करून. हैबतरावांची खुर्ची उलटी. बाया पदर सावरून डोंगराकडे तोंड करून. पोरंसुद्धा. जिकडे बघावं तिकडे मानगुटी. गावकीला बोलावणं गेलं होतं, त्यामुळे न येणं शक्य नव्हतं. आणि कोणी बघायचं नाही हा मॅडमचा हुकूम, तोही मोडायचा नव्हता. दोन्ही पाळले होते. एकटे कदम सर बाजूला फोन हातात धरून उभे होते आणि त्यांनीही डोळे मिटून घेतले होते.

अनिताला हसावं की रडावं ते कळेना. तिने वजनदार आवाजात सुरुवात केली. मनातली भावना, तिचा रंग, तिचा आकार. ऋतुजा बघत राहिली. डोंगराकडे तोंड केलेल्या गावातून कोणीतरी खोकलं. तेवढ्यात मागे दार वाजलं आणि स्वयंपाकघरातून सीताबाईंची आरोळी आली. अनिताने घाईघाईने आवाज बंद करायचं बटण दाबलं. म्हणजे तिची तशी समजूत झाली. प्रत्यक्षात बंद झालं ते चित्र. आवाज होता तसाच राहिला, भजनी मंडळाच्या स्पीकरला जोडलेला.

आणि मग करंजखोलच्या सहाणेवर पुढील संवाद झाला.

“अगो अनिता, वट्यावरचा म्हावरा कुठं गेला? सकालीच जिताडा आनून ठेवला व्हता मी.”

“मना काय म्हाईत? मी काम करतंय, दिसत नाय क?”

“काम करतंस? फोनशी गप्पा मारतंस आनि मांजर नेतंय घरातला. ती बघ, ती बघ, खिरकीत बसून खातंय.”

“तुमीच दार उगरा टाकून गेल्या. आनि मना बोलतांव. धरा तिला. इकरना नुको, तिकरना या. अगो मुरदारे, सोर तो जिताडा. सोर म्हनतंय ना.”

यानंतर काहीतरी पडल्याचा, काहीतरी फुटल्याचा आणि मोरूकाकांच्या रेंजचं पितळी पातेलं लांबवर गडगडत गेल्याचा आवाज. मग मांजरीच्या सात पिढ्यांचा उद्धार, त्यातल्या काही पिढ्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

अनिता केस सारखे करत परत येऊन बसली, तिने बटण दाबलं आणि इस्त्रीच्या आवाजात “तर, ऋतुजा” एवढं म्हणाली. समोरची मुलगी पोट धरून हसत होती. तिच्यामागे गावाच्या सगळ्या पाठी गदगदत होत्या, पण एकही मान वळली नव्हती. अनिताला काय झालं ते उमगलं. वर्षानुवर्षं जपलेलं सगळं वजन एका जिताडा माशापायी गेलं होतं. तिला वाटलं फोन बंद करावा, नोकरीचा राजीनामा द्यावा आणि आयुष्यभर वाल सोलावेत.

“मांजरीनी सगला नेला,” ऋतुजाने विचारलं, “क डोका तरी ठेवला?”

करंजखोलच्या शाळेतल्या कोणीही ऐकलेलं हे तिचं बऱ्याच दिवसांतलं पहिलं वाक्य होतं. अनिता तिच्याकडे बघत राहिली. आता इथे पुण्याची पदवी काय सांगते ते आठवायला हवं होतं. ती ते आठवत बसली नाही, हा तिचा मोठेपणा.

“डोका ठेवला गो बाय,” ती म्हणाली. “तेवराच. आता त्याचा कालवन करनार सासू.”

“बरा लागतं डोक्याचा कालवन.”

“लागतं ना. तू का बोलत नाय गो शालेत?” मग तिला भान आलं. “थांब. सगला गाव ऐकतोय हां. नसंल बोलायचा तं नुको बोलू. मी येतंय उद्या तिकरं, आपुन दोघीच बोलू.”

ऋतुजाने मागे वळून पाहिलं. त्या पाठींकडे ती बराच वेळ बघत होती.

“ऐकू दे,” ती म्हणाली. “तोंडा दिसत नाय त्यांची. कोन हसला तं मना कलनार नाय.”

मग ती बोलली. पहिल्याच आठवड्यात तिला उभं करून धडा वाचायला सांगितला. तिने वाचला, घरी बोलते तसा, आगरीत. वर्ग हसला. तिला वाटलं धड्यात काही गमतीचं आहे, म्हणून ती पण हसली आणि पुढे वाचत राहिली. मग कळलं की धड्यात काही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती दारात आली की पोरं तिच्या चालीवर बोलायची. तिने बोलणं सोडलं. मग न बोलण्यावर हसायची. एक दिवस फळ्यापुढून पण हसू आलं. त्या दिवशी तिने विचार केला, हसा आता सगळे एकमेकांनाच, आणि कडी घातली.

“फल्यापुरून म्हंजे?” अनिताने हळूच विचारलं.

ऋतुजाने बाजूला पाहिलं आणि पडद्यावरचं चित्र हलायला लागलं. आधी थोडं, मग सगळं गाव डोलतंय की काय असं वाटण्याइतकं. अनिताला वाटलं पुन्हा रेंज गेली. रेंज गेलेली नव्हती. फोन धरून उभे असलेले सर या पायावरून त्या पायावर होत होते.

“मी हसलो व्हतो,” कदम सर म्हणाले. त्यांनी डोळे उघडले होते. “पोरं हसली, त्यांच्याबरोबर मी पण हसलो. शिकवतो मराठी आणि हसलो मराठीला. दाखला देणार व्हतो हिला, तो त्याच लाजेपायी. खिडकीचं निमित्त.”

हैबतराव उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलून सरळ केली आणि ते ऋतुजाकडे तोंड करून बसले. मग एकेक पाठ वळली. बायांपैकी दोघीतिघींनी आपापल्या पोराचा कान धरलेला होता, म्हणजे कोणाची पोरं हसत होती याचा तपास पाठमोऱ्यानेच पुरा झाला होता. हैबतरावांनी गावकीच्या आवाजात सांगितलं, “पोरगी गावची हाय. गावची पोरगी कशी बोलते, ती गावची बोली. याच्यावर कोण हसला तर माझ्याकडं यायचं.” मग सरांकडे वळून, “सर, तुमच्या समितीला हे कळवा.” समितीचे अध्यक्षही तेच होते, त्यामुळे कळवणं तिथल्या तिथे झालं.

रामवाडीत अनिता पदराने डोळे पुसत होती. मागे सीताबाई उरलेलं डोकं हातात घेऊन उभ्या होत्या आणि त्याही पुसत होत्या. अनिताबद्दल संस्थेत पुढे बरंच चांगलं बोललं गेलं, कोणती पद्धत वापरली असंही विचारलं गेलं. पण त्या घडीला तिचं लक्ष एवढ्यावरच होतं, की सर काय करतात.

सरांनी फोन दुसऱ्या हातात घेतला, घसा साफ केला आणि ते ऋतुजासमोर जाऊन उभे राहिले. मुख्याध्यापकाने विद्यार्थिनीपुढे कसं उभं राहायचं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते जरा वाकून उभे राहिले.

“ऋतुजा,” ते म्हणाले, “झालं ते चुकलं माझं. तू उद्यापासून वर्गात ये. पहिला धडा तूच वाचायचा, तुला येतो तसा.”

ऋतुजाने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

“उद्या रईवार हाय, सर,” ती म्हणाली.

गाव हसलं, सरांना हसलं, आणि सगळ्यांत आधी हसले ते सर. ऋतुजा त्या हसणाऱ्या तोंडांकडे एकेक करून बघत होती.

“सोमवारी येतंय,” ती म्हणाली.